वनजाक्षी मॅडमची पाठ

सकाळी वनजाक्षी मॅडमच्या कमरेला पट्टा बांधायचं काम मूर्तींचं. मूर्ती म्हणजे त्यांचे यजमान, रेशीम कारखान्यात कारकुनी करून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब आणि जिभेने तिखट. मॅडम भिंतीला हात टेकून उभ्या राहायच्या आणि मूर्ती मागून पट्टा ओढायचे.

"श्वास सोड."

"सोडला."

"अजून सोड."

"आता काय जीव सोडू?"

"तो रविवारी सोड. आज वर्ग आहे."

पट्ट्यावर ढगळ कुर्ता चढला की बाहेरून काही दिसत नसे. मग मॅडम अंगण ओलांडून शिकवायच्या खोलीत जायच्या, आणि तिथे जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी न चुकता म्हणायची, "काय ताठ चालतात हो! वय कळतच नाही." पट्टा ज्याने बांधला तो घरात कॉफी गाळत हे ऐकायचा आणि गालातल्या गालात हसायचा.

आमच्या म्हैसुरात योग शिकवणाऱ्याला आजारी पडायची मुभा नाही. डॉक्टरला खोकला झाला तर लोक म्हणतात, बिचारा, किती रोगी तपासतो. योगवाल्याला नुसती शिंक आली तरी मागच्या रांगेतला माणूस शेजारच्याला डोळा मारतो. आणि मॅडमच्या फाटकावर तर पाटीच होती, कंबर-मान-गुडघे यांना आराम म्हणून. अशा पाटीमागे पाठीचा मणका जागेवरून सरकलेली बाई राहते, हे कळलं असतं तर आमच्या सरस्वतीपुरमच्या वस्तीनं महिनाभर दुसरा विषय काढला नसता.

खोटेपणा होता का हा? होता. पण आराम मात्र खोटा नव्हता. मॅडमच्या वर्गात लोकांना खरंच बरं वाटायचं, आणि त्याला कारण ती मोडकी पाठच होती.

सुरुवातीला त्या असं शिकवत नव्हत्या. त्यांच्यावर जे झालं तेच त्यांनी पुढे केलं. कुणी पुढे वाकला आणि हात पावलांपर्यंत पोचला नाही की मॅडम मागून त्याच्या पाठीवर भार टाकायच्या. विमा कंपनीतले श्रीकंठय्या म्हणून एक गृहस्थ होते. त्यांना मॅडमनी असंच दाबलं आणि आतून काहीतरी कट्‌ करून वाजलं. श्रीकंठय्या उठले, घाम पुसला, म्हणाले, "छान मोकळं वाटलं." दुपारी त्यांच्या बायकोचा फोन आला की बरगडीला चीर गेली आहे. मॅडम धावत भेटायला गेल्या. "ओरडला का नाहीत?" त्यांनी विचारलं. श्रीकंठय्यांना तो प्रश्नच विचित्र वाटला. "गुरूचा हात लागल्यावर ओरडायचं कसं?" ते म्हणाले.

मॅडमना त्या उत्तराची भीती वाटली. त्यानंतर त्यांनी दाबणं सोडलं. एका फिजिओथेरपिस्ट बाईच्या मागे लागून सांधे, मणके, नसा यांचं शिक्षण घेतलं, तेही चाळिशीत, विद्यार्थिनींच्या बाकावर बसून. नवीन माणूस आला की आधी त्याची दुखणी विचारायची, रक्तदाब विचारायचा, मग आसन. खोलीत खुर्च्या आल्या, घडीच्या चादरी आल्या, भिंतीला दोर आला. आणि सगळ्यांत मोठी गंमत म्हणजे, हात लावण्याआधी मॅडम विचारायला लागल्या, "हात लावू का?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा पद्माक्षम्मा नावाची जाडजूड बाई आसन सोडून हसत सुटली. "अहो, आमचे हेसुद्धा विचारत नाहीत!"

लोकांनी त्यांचं नाव खुर्चीवाल्या मॅडम ठेवलं. खरा योग शिकायचा असेल तर तो तिथे नाही, असंही काहीजण म्हणायचे, कारण आमच्याकडे दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रडू आलं नाही तर शिकवणाऱ्याने चोरी केली असं समजतात. मॅडमनी ते मनावर घेतलं नाही. त्या वर्गात एकच गोष्ट घोकून घ्यायच्या: दुखलं की बोला. चेहऱ्याकडे त्या बघतच नसत. त्या श्वास ऐकायच्या. डोळे मिटून उभ्या राहिल्या तरी तिसऱ्या रांगेत कुणाचा श्वास अडकला ते त्यांना कळायचं.

चेहऱ्यावर त्यांचा विश्वास का नव्हता, ते सांगायला हवं.

मॅडम मूळच्या नंजनगूडच्या. तिथे पुट्टण्णा मास्टर मुलामुलींना योगासनांच्या स्पर्धांसाठी तयार करायचे. मास्टर वाईट माणूस नव्हते, पदकासाठी वेडे होते इतकंच. त्यांचा जीव गंडभेरुंडासनावर. पालथं पडायचं, हनुवटी आणि छाती जमिनीला, आणि पाय मागून उचलून थेट डोक्यावरून पुढे आणत तळवे चेहऱ्याच्या दोन बाजूंना टेकवायचे. आमच्या राज्याच्या मुद्रेवर दोन तोंडांचा पक्षी आहे, त्याचं नाव या आसनाला. त्यामुळे ते लागलं की इथल्या प्रेक्षकांची छाती फुगते. मुलीच्या पाठीचं काय होतं ते मुलगी जाणे. स्पर्धेत नुसतं आसन लावून भागत नाही, चेहरा प्रसन्न लागतो. कपाळाला आठी पडली की गुण गेले. म्हणून मास्टर मुलांना आधी हसायला शिकवायचे आणि मग वाकवायचे.

वनजाक्षी हसायला सगळ्यांत पटकन शिकली. मास्टर तिचे घोटे धरून पाय पुढे ओढायचे आणि ती देवळातल्या मूर्तीसारखी प्रसन्न. सुवर्णपदक मिळालं, पेपरात फोटो आला. मग एका सकाळी बसच्या पायरीवर तिचा डावा पाय बधिर पडला, तिचा राहिलाच नाही. म्हैसूरच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो काढून सांगितलं, मणक्याला जुनी चीर आहे आणि तो पुढे सरकलाय. दवाखान्याच्या फाटकाबाहेर आल्यावर वडील पहिलं वाक्य बोलले ते हे: "कुणाला सांगू नकोस. अजून लग्न व्हायचंय." तिने सांगितलं नाही. त्यानंतरही ती दोन वर्षं स्पर्धेत उतरली आणि हसली.

लग्नानंतर आठवड्याभरात मूर्तींच्या लक्षात आलं. त्यांनी बोभाटा केला नाही. "माझीही एक दाढ किडलेली आहे," ते म्हणाले, "मीही कुठे सांगितलं होतं?" त्या एका वाक्यावर मॅडमनी सगळा संसार केला.

सिंचना त्यांच्याकडे आली ती लहान असताना, दम्यासाठी. दमा गेला आणि मुलगी राहिली. वडील लोकेश फ्लेक्स छापायचे, आई कुसुमा एका शाळेच्या कार्यालयात होती. मुलगी अशी होती की मॅडमना तिच्याकडे बघून आनंदही व्हायचा आणि धडकीही भरायची. सांधे लोण्याचे. सांगाल तसं वळायची. मॅडमना मूल नव्हतं. सिंचनाला त्या ‘पुट्टी’, म्हणजे छोटी, म्हणायच्या आणि वर्ग संपल्यावर मूर्तींच्या हातचं उप्पिट्टू, म्हणजे उपमा, खाल्ल्याशिवाय सोडायच्या नाहीत. लहानसहान स्पर्धांना तिला पाठवायलाही त्यांची ना नसे. पण त्यांनी एक अट घातली होती. गंडभेरुंडासन नाही.

मुलगी बारावीत गेली तेव्हा कुसुमा येऊन बसली. "मॅडम, राज्यस्तरावर पहिल्या तिघांत आली तर खेळाच्या कोट्यातून इंजिनियरिंगची सीट आहे. पण तिथे सगळ्या मुली गंडभेरुंड लावतात. आपली नुसतं धनुरासन घेऊन गेली तर तिला कोण विचारणार?"

"वाढीचं वय आहे, कुसुमा. हाडं पक्की होऊ देत."

"हाडं पक्की होईपर्यंत सीट थांबते का?"

मॅडमनी हसून विषय टाळला. पुढच्या पंधरवड्यात त्यांना सिंचनाचा श्वास खटकला. मागे वाकताना मुलगी क्षणभर श्वास धरायची, अगदी क्षणभर, आणि मग गोड हसायची. ते हसू मॅडमना ओळखीचं वाटलं. त्यांनी तिला एका पायावर उभं केलं आणि मागे झुकायला सांगितलं. उजव्या पायावर ठीक. डाव्या पायावर श्वास थांबला.

"दुखतंय ना, पुट्टी?"

"नाही, मॅडम."

"घरी गंडभेरुंड करतेस?"

मुलीने खाली बघितलं. "अप्पांनी मोबाइलवर बघून... अम्मा पाय धरते."

त्याच संध्याकाळी मॅडमनी कुसुमाला बोलावून घेतलं. सरळ सांगितलं की सगळं बंद करा, पाठीचा फोटो काढून घ्या, सहा महिने काही नाही. कुसुमा ऐकत होती, पण तिची मान हलत नव्हती.

"फोटो काढला आणि त्यात काही निघालं की कागदावर आलं," ती म्हणाली. "मग तिला स्पर्धेत कोण घेईल?"

"अहो, पाठ जाईल तिची!"

"सगळ्यांची नाही जात. रेवण्णा मास्टरांच्या वर्गातल्या मुली रोज करतात. मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही घाबरवता फार. म्हाताऱ्यांना शिकवून शिकवून तुम्हाला सगळीकडे दुखणीच दिसतात."

"मला दिसतात कारण..."

इथे मॅडम थांबल्या. दारात मूर्ती कॉफीचे पेले घेऊन उभे होते. त्यांनी मान किंचित हलवली, ‘नको’ अशा अर्थाने. त्यांना माहीत होतं की हे एकदा तोंडातून गेलं की परत घेता येणार नाही. मॅडमनाही माहीत होतं. वर्गावरच घर चालत होतं, आणि त्यांची सारी ओळखही वर्गामुळेच होती. पण समोरच्या बाईला समजावण्यासाठी त्यांच्याकडे दुसरं काहीही उरलं नव्हतं.

त्यांनी कुर्ता वर केला आणि पट्टा दाखवला.

"हे बघा. तीस वर्षांच्या वर झाली. त्याच आसनाने झालंय. मणका सरकल्यावरही दोन वर्षं मी स्पर्धेत उतरले, आणि लग्नाआधी यांनाही सांगितलं नव्हतं. मला मूल होऊ दिलं नाही डॉक्टरांनी. सकाळी हा बांधल्याशिवाय मला शिंकता येत नाही. मी हे कुणाला सांगितलेलं नाही, कुसुमा. तुम्हाला सांगतेय, कारण तुमची मुलगी माझ्याच वाटेने चाललीय."

कुसुमाने पुढे होऊन पट्टा नीट बघितला. मॅडमना वाटलं, समजलं. त्यांना हलकं वाटलं, इतकं हलकं की डोळ्यांत पाणी आलं.

"मग इतकी वर्षं," कुसुमा हळूच म्हणाली, "तुम्ही आम्हाला काय शिकवत होतात?"

कॉफी न पिताच ती गेली. दुसऱ्या दिवशी सिंचना आली नाही. आठवड्याभरात कळलं की ती रेवण्णा मास्टरांकडे जाते. मास्टरांचा वर्ग एका मंगल कार्यालयात भरायचा, आणि मुहूर्त असला की मुलांना स्वयंपाकघरात वाकवायचे.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. कुसुमाने कुचाळकी केली असं नाही. तिने शाळेच्या कार्यालयात एकीला ‘बिचाऱ्या मॅडम’ म्हणून सांगितलं. आमच्याकडे माणूस ‘बिचारा’ झाला की संपलाच. रेवण्णा मास्टर तर मोकळेपणाने म्हणायचे, "स्वतःची कंबर बांधून फिरते आणि लोकांच्या सोडवते. काय पण धंदा!"

वर्ग एकदम रिकामा झाला नाही. लोक फार शिष्टाचाराने गेले. एकीच्या सुनेचं बाळंतपण आलं, दुसरीला गावी जायचं निघालं. पद्माक्षम्मा मात्र तोंडावर बोलायला आली.

"मॅडम, तुम्ही आता विश्रांती घ्या हो. आम्ही तुमच्यासमोर ‘दुखतंय’ म्हणायचो, आणि तुम्ही त्याहून दुखत असताना उभ्या! मला कसंतरीच होतं. फसवल्यासारखं."

"तुमची मान बरी झाली ना, पद्माक्षम्मा?"

"झाली ना. पण आता आठवलं की परत दुखते."

राहिले ते श्रीकंठय्या आणि आणखी दोघं-तिघं. श्रीकंठय्या म्हणाले, "बरगडी मोडलीत तेव्हा मी गेलो नाही. आता तुमची पाठ मोडकी निघाली म्हणून जाऊ?" मॅडम हसल्या, आणि घरात जाऊन रडल्या. मूर्तींनी फाटकावरची पाटी उतरवली नाही, पण तिच्यावर चढलेला वेल छाटणं त्यांनी सोडून दिलं.

मॅडमना लोकांचा राग होताच. पण त्याहून वाईट एक गोष्ट होती: त्यांनी आयुष्यभर जपलेलं देऊन टाकलं होतं आणि त्याबदल्यात मुलगी वाचली नव्हती. जे बोलायचं ते त्यांनी वर्षानुवर्षं लांबवलं, आणि बोलल्या तेव्हा ती नुसती चघळायची गोष्ट झाली. त्या मूर्तींना म्हणायच्या, "न बोलता ठेवलं असतं तर निदान ती माझ्या डोळ्यांसमोर तरी राहिली असती. तिला आज-उद्या करत थोपवलं असतं."

पावसाळा सरता सरता चौकात लोकेशचा फ्लेक्स लागला. सिंचना गंडभेरुंडासनात, तळव्यांच्या मधे तिचा चेहरा, गळ्यात पदक, शेजारी हात जोडलेले रेवण्णा मास्टर आणि वर दोन तोंडांचा पक्षी. राज्यात दुसरी. श्रीकंठय्यांनी मॅडमना बातमी सांगितली ती घाबरत घाबरत. मॅडम रिक्षाने बाजारात निघाल्या होत्या. चौकात त्यांनी रिक्षा थांबवली नाही, पण मान वळवून बघितलं, आणि त्यांना एका क्षणापुरता खरा अभिमान वाटला. पायाची बोटं किती सुरेख मिटली होती पोरीने. ते त्यांनीच शिकवलेलं होतं. मग त्यांना स्वतःचीच किळस आली.

थंडी सुरू झाली तेव्हा एका दुपारी फाटक वाजलं. कुसुमा होती, मागे सिंचना. मुलगी उंच झाली होती, वाळली होती. मूर्तींनी दोघींना बसायला खुर्च्या दिल्या. सिंचना उभीच राहिली.

"फोटो काढला," कुसुमा म्हणाली. "तुम्ही म्हणालात तेच. चीर आहे. थोडा सरकलाय. डॉक्टर म्हणतात, सगळं बंद."

मॅडमना ‘मी सांगत होते’ म्हणायचं नव्हतं. ते जिभेवर आलं, त्यांनी गिळलं. "बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "अजून वेळ गेलेली नाही. मी तिला अंथरुणाला खिळवून ठेवणार नाही, हळूहळू पोट आणि पाठ बळकट करू. वर्षभरात ती धावेल. मी रोज बघेन तिच्याकडे, मला दुसरं काम तरी काय आहे?"

"त्यासाठी नाही आले, मॅडम." कुसुमाने पदर बोटाला गुंडाळला. "सीट पक्की व्हायच्या आधी एक चाचणी असते. महिन्यावर आलीय. निवड समितीपुढे प्रत्यक्ष करून दाखवायचं. तेवढं झालं की मी तिला कधीच करू देणार नाही, चामुंडीची शपथ. एवढं एकदाच." ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "तुम्ही तर दोन वर्षं केलंत ना, सरकल्यावरसुद्धा? कुणाला कळलं नाही. बायकोचं नवऱ्याला कळलं नाही आधी! कसं केलंत, तेवढं तिला सांगा. गोळी कधी घ्यायची, आधी काय लावायचं, समोर उभं कसं राहायचं. रेवण्णा मास्टरांना हे विचारता येत नाही. तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

मूर्ती स्वयंपाकघराच्या दारात होते. त्यांनी हातातलं फडकं जोरात आपटलं आणि आत निघून गेले.

मॅडमना भयंकर संताप आला. मग त्यांनी कुसुमाला बाजूला ठेवलं आणि मुलीकडे बघितलं. "पुट्टी, इकडे बघ. अम्माकडे नाही, माझ्याकडे. तुला करायचंय?"

सिंचनाने अम्माकडेच बघितलं.

"किती दुखतं ते सांग मला. खरं सांग. इथे कुणी गुण कापणार नाही."

"आता तितकं नाही दुखत, मॅडम."

"रात्री झोप लागते?"

"लागते."

"पायाला मुंग्या?"

"नाही."

प्रत्येक उत्तर गोड होतं, नीट होतं. मॅडमनी तिच्या श्वासाकडे कान दिला. तोही आता एकसारखा येत होता. त्यांच्याकडे शिकत असताना तिला ते जमलेलं नव्हतं.

"कुसुमा," मॅडम म्हणाल्या, "मी हे शिकवणार नाही. माझ्या दारात पुन्हा यासाठी येऊ नका. तिला बरं करायला आणायचं असेल, तर आत्ता अंथरते चटई."

कुसुमाने ओठ आवळले. "तुमचं सगळं पार पडलं, मॅडम. पदक मिळालं, नाव झालं, घर चाललं. माझ्या मुलीच्या वेळीच तुम्हाला नीती सुचली." ती उठली. "चल गं."

दाराशी दोघींनी चपला घातल्या. कुसुमाने वाकून आपल्या सरकवल्या. सिंचना वाकली नाही. तिने चौकटीला एक बोट लावलं, कुणाला वाटावं की सहज लावलंय, पाठ सरळ ठेवून गुडघ्यांत किंचित खाली आली, टाचेने चप्पल ओढून घेतली आणि त्याच वेळी मागे वळून म्हणाली, "येते, मॅडम," म्हणजे बघणाऱ्याचं लक्ष चेहऱ्यावर राहावं.

वनजाक्षी मॅडमना ती रीत पाठ होती. नंजनगूडच्या घरात त्या तशाच चपला घालायच्या, वडिलांसमोर, वर्षानुवर्षं. पोरीला ती कुणी शिकवली नव्हती. फाटकाशी पोचलेल्या कुसुमाने वळून बघितलं आणि म्हणाली, "बघा की, चालते कशी छान. घरात तर आम्हाला कळतसुद्धा नाही."